डावा पाय कोणाच्या वाट्याला

"तिनाच पाय धुऊत ना, तिनापेक्षा खालनं कोन शे आपलामा" — असं म्हणाल्या त्या माझ्याबद्दल, अगदी ह्याच शब्दांत, आणि तुम्ही विचारताय मी मोजे का काढत नाही. काढते हो ताई. एवढं सांगून झालं की काढते. बाहेर पार्लरच्या बाकावर दोघी बसल्यात ना, त्यातल्या चष्मा कपाळावर चढवलेल्या — त्या म्हणाल्या. बेबाबाई. माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई म्हणते मी त्यांना, खास आजच्या दिवसासाठी अमळनेरहून आल्यात. आणि दुसऱ्या, मांडीवर पिशवी धरून बसलेल्या, त्या माझ्या सासूबाई, सुनंदाबाई. त्या काय म्हणाल्या? काहीच नाही. 'हूं' म्हणाल्या. आत्याबाईंचं वाक्य मी दोन दिवसांत गिळलं असतं, माहेरी ह्याहून कडू गिळलेलं आहे, पण ते 'हूं' घशात अडकलंय. नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं — हूं म्हणजे काय, तर ह्यात बोलण्यासारखं काही नाही, उन्हाळ्यात ऊन असतं तसं आहे हे.

मी ऐकायला उभी नव्हते हां. कूलरमध्ये पाणी भरत होते. आमचा कूलर खिडकीत आहे, त्याचं तोंड हॉलमध्ये आणि पाठ गल्लीत, आणि त्या पाठीशी मी बादली घेऊन. आतल्यांना वाटतं कूलरच्या घरघरीत आपलं बोलणं बाहेर जात नाही. म्हणून काही गुपित बोलायचं असलं की ते कूलर लावतात, आणि मग कूलरमुळे एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलतात. होळीला कूलर चालू झाला, तेव्हापासून त्या घरातलं मला जे काही कळलंय ते सगळं कूलरच्या पाठीमागून कळलंय. पुढून मला कोणी काही सांगत नाही — तसं वाईट वागत नाहीत, उलट फार जपतात, पण नव्या सुनेला काय सांगायचं असतं, मीठ कुठं आणि गॅसचं बटण कसं, झालं. मीही विचारत नाही. मी गप्प असते. तुमच्याशीच एवढी बोलतेय, का ते माहीत नाही. तुम्ही मान खाली घालून त्या टबात पाणी ओतताय, वर बघत नाही, म्हणून असेल.

हिनाताईच ना तुम्ही? बोर्डावर वाचलं. तर हिनाताई, आम्ही ख्रिश्चन, आणि आज आमचा पवित्र गुरुवार. उद्या शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. आदल्या रात्री जेवताना येशूनं काय केलं, तर कमरेला टॉवेल गुंडाळला, परातीत पाणी घेतलं आणि आपल्याच शिष्यांचे पाय धुतले. गुरूनं चेल्यांचे. सगळे चुळबुळले असतील, पण गप्प बसले. एकटा पेत्र म्हणाला, नाही, माझे नाही धुवायचे, कधीच नाही. तेव्हा येशू त्याला म्हणाला की मग तुझं-माझं काही नातं उरत नाही बघ. अशी ती गोष्ट. आता ही गोष्ट ऐकून तुम्हाला काय वाटलं — धुवावे, की धुवून घ्यावे? बघा, तुम्ही हसलात. आमच्या मंडळीत दीडशे माणसं आहेत आणि दीडशेच्या दीडशे जणांना वाटतं धुवावे. धुवून घ्यायला माणूस मिळत नाही.

आमची मंडळी फार नम्र आहे हो. चेष्टा नाही करत. तिथं शिकवण आहे की मेजवानीला गेलं तर शेवटच्या जागी बसावं, तर आमच्याकडे पुढचे बाक मोकळे असतात आणि मागच्या दोन बाकांवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसतात. पाळकसाहेब रिकाम्या बाकांना उपदेश करून कंटाळले. मग त्यांनी एका रविवारी आपला मेजच उचलून दाराशी नेला, मागच्यांच्या समोर. झालं, मागचे पुढचे झाले. मंडळी उठली आणि जुन्या पुढच्या बाकांवर जाऊन बसली, कारण आता ते मागचे होते. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरस घ्यायला, रांग लागते, त्यातही तेच — तुम्ही आधी, नाही, तुम्ही आधी. एकानं मागं सरकायचं, मग दुसरा त्याच्या मागं, तिसरा त्याच्याही मागं. रांग पुढं जातच नाही, मागं मागं जाते. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या रविवारी आमची रांग चर्चच्या दारातून अंगणात, अंगणातून फाटकात आणि फाटकातून रस्त्यावर गेली होती, आणि माझे सासरे, नाना, पांझरेच्या पुलाच्या बाजूला तोंड करून उभे होते — सगळ्यांत शेवटी. केवढे खूश होते. नाना म्हणजे झुलाल मास्तर, रिटायर झाले, आता मंडळीचे सेक्रेटरी.

आणि आई — सासूबाईंना आई म्हणते मी — आईंचं तर विचारूच नका. फाल्गुनात त्यांना ताप आला, पार फणफणला, तेव्हा मंडळीतल्या बायका बघायला आल्या. तर आई उठल्या आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. बायका म्हणाल्या, अहो झोपा. आई म्हणाल्या, तुम्ही माझ्यासाठी उन्हातून आलात. बायका म्हणाल्या, मग आम्ही करतो चहा. नाही. पोहे पण केले. माझ्या हातात उलथनं दिलं नाही. त्या आजारी होत्या आणि आम्ही सगळ्या त्यांच्या हातचं खात बसलो. जाताना बायकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तर यांनी उलट त्या बायकांसाठी जास्त लांब प्रार्थना केली. कृपा फुकट असते म्हणून पाळकसाहेब दर रविवारी सांगतात, आणि आमची माणसं घरी येऊन तिची परतफेड करायला लागतात.

तुम्ही सोडा तो ब्रश. ऐका तर गेल्या वर्षीचं. मी नव्हते तेव्हा, योएलनं सांगितलं — माझा नवरा, योएल. गेल्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, बारा शिष्य होते, तर बारा खुर्च्या मांडू, बारा जणांनी बसावं, बाकीच्यांनी धुवावे. मंडपवाल्या रुपचंदकडून खुर्च्या आणल्या. संध्याकाळी सगळी मंडळी जमली, ज्याच्या त्याच्या खांद्यावर टॉवेल. टॉवेलही कसा, तर जितका फाटका तितका बरा — नानांनी म्हणे चांगला टॉवेल आदल्या दिवशी दगडावर घासून घासून विरवला होता. खुर्च्या बारा, टॉवेल पन्नास, आणि बसायला कोणी नाही. अर्धा तास सगळे खुर्च्यांभोवती उभे. योएल सांगतो, मधे एकदा आई एका खुर्चीजवळ गेल्या. हात ठेवला खुर्चीच्या पाठीवर. टेकल्या. बसल्याच जवळजवळ. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "देखा, काय रानीसारखी बसनी वहिनी." आणि आई उठल्या. योएल म्हणतो, त्यांनी खुर्ची पदरानं पुसली, म्हणजे जणू पुसायलाच गेल्या होत्या.

मग तो रुपचंद आला. बिचारा खुर्च्या परत न्यायला टेम्पो घेऊन आला होता, त्याला वाटलं कार्यक्रम संपला. त्याला धरून बसवला. तो म्हणतो, मी मारुतीला तेल वाहणारा माणूस, मला कशाला. मंडळी म्हणाली, बरंच झालं. त्याचे पाय अकरा जणांनी धुतले, हिनाताई. शेवटच्यांना धुवायला काही शिल्लकच नव्हतं. नाना म्हणाले, मी सगळ्यांत शेवटी, आणि त्या वेळेपर्यंत रुपचंदच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. तो तसाच ओल्या पायांनी पळाला. खुर्च्या अजून आमच्याकडेच आहेत. वर्ष झालं. अधूनमधून येतो, पण आत पाऊल टाकत नाही, फाटकाशी थांबून विचारतो, "ते अजून चालू शे का?"

म्हणून यंदा मंडळीच्या पंचांनी आधीच ठरवलं की बसणारं माणूस नक्की करायचं. एकच. एकाच माणसाचे धुवायचे, पण विधिपूर्वक. मग कोणाचे? पाळकसाहेबांचे धुतले तर ते मोठ्यांचे झाले, त्यात नम्रता कसली. विधवांचे धुवावे तर त्यांच्यात कोणाचे हा वाद. लहान मुलाचे म्हटलं तर मूल हसेल. सोमवारी आमच्या हॉलमध्ये बैठक, कूलर फुल्ल, मी पाठीमागं बादली घेऊन. आणि आत्याबाईंनी ते वाक्य टाकलं. सगळ्यांना इतकं पटलं म्हणून सांगू. डोंगरातली आहे, बाप जंगलात मोह वेचतो, तीन महिन्यांची सून, गरीब घरची, गप्प असते — हिच्यापेक्षा खालचं कोण. नानांनी तर आमेन म्हटलं.

आणि मग भांडण सुरू झालं, कारण सगळ्यांत खालची मी, म्हणजे माझे पाय धुणं ही सगळ्यांत मोठी नम्रता. रुपचंदसाठी कोणी भांडलं नव्हतं. आई म्हणाल्या, सून माझी. आत्याबाई म्हणाल्या, मी घरात थोरली, थोरल्यानंच वाकायचं असतं. आई म्हणाल्या, तुमचे गुडघे दुखतात. आत्याबाई म्हणाल्या, दुखतात म्हणून तर. तासभर. शेवटी नानांनी तोड काढली — दोन बायका, दोन पाय, एकेक वाटून घ्या. मी कूलरचं झाकण लावलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "डावा मना." आई म्हणाल्या, डावा का? कारण डावा हलका. उजव्याला मान असतो, नवी नवरी घरात उजवा टाकून येते, डाव्याला कोण विचारतं — म्हणून डावा धुणारी जास्त नम्र. आता दोघींनाही डावाच पाहिजे. आत्ता इथं येतानाही रिक्षात तेच चाललं होतं, माझ्या दोन्ही बाजूंना दोघी आणि मधे मी. जिन्यातही तेच. ऐकलं असेल तुम्ही.

ती पिशवी? हां, परात. आत्याबाईंच्या लग्नातली परात, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. ती संध्याकाळी मंडळीला नाव दिसेल अशी ठेवायची आहे. आईंनी सकाळपासून ती पिशवी हातातून सोडलेली नाही, म्हणतात, तुम्हाला ओझं नको. मला वाटतं आई ठेवताना त्या नावाचं तोंड भिंतीकडं करणार आहेत.

आणि पार्लर कशाला म्हणाल, तर मंगळवारी सराव झाला. हॉलमध्ये, मला खुर्चीवर बसवून. मी म्हटलं, सर्दी आहे, मोजे राहू द्या. मग मोज्यांवरूनच धुतले. नाना तांब्यातून पाण्याची धार एका रेषेत कशी पडली पाहिजे ते दाखवत होते, आई एका मोज्याला साबण लावत होत्या, आत्याबाई दुसऱ्याला, आणि मी टपटप गळत बसले होते. आत्याबाईंना शंका आली. म्हणाल्या, हिच्या पायाला भेगा असतील, डोंगरातली पोरं अनवाणी फिरतात, पाणी काळं होईल, व्हिडिओ निघणार आहे, नाशिकपर्यंत जाणार आहे — "बठ्ठा देखतीन." म्हणून पाय धुवायच्या आधी पाय धुवून आणायला मला इथं आणलंय. तुम्ही हसताय, पण त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नाही. त्यांना नम्र व्हायचंय, पण हात घाण होऊ न देता.

बरं. उजवा घ्या. हा मोजा काढला. घ्या ना. आई गं — नाही, गरम नाही, बरं वाटतंय. पण तुम्ही धरू नका हो मांडीवर, तुमचा ड्रेस भिजेल. द्या इकडं तो दगड, मी घासते. मला येतं घासायला. नको? तुम्ही बसा ना वर, मी खाली बसून करते, मला सवय आहे. खरंच नको? बरं. बरं, राहिलं. मी हे असं — कोणी माझं काही करायला लागलं की मला उठून उभं राहावंसं वाटतं. तुम्हालाही काहीतरी करून द्यावंसं वाटतंय, तो टॉवेल तरी घडी करून ठेवू का? नाही, बसते. कोणावर गेले म्हणाल? आईंवरच की हो. तीन महिन्यांत गेले, नाहीतर आधीपासूनच तशी होते म्हणून तर त्यांनी मला —

डाव्याचं थांबा. डावा राहू द्या. तुम्ही उजवाच नीट करा, वाटलं तर दोनदा करा. डाव्याची नेलपॉलिशसुद्धा लावू नका. हो, संध्याकाळी दोन्ही दिसणार आहेत, ते कळतंय मला.

धुळ्याच्या ह्या उन्हात दिवसभर मोजे कोण घालतं, हिनाताई? मी आणि बंदोबस्तातले पोलीस. घरी सांगितलंय, मला पायाला गार लागतं. रात्रीसुद्धा. योएलनं लग्नानंतर आठ-दहा दिवसांत भेगांवरची क्रीम आणली. त्यालाही वाटलं भेगा. म्हणाला, दे पाय, लावून देतो. मी पाय ओढून घेतला. जोरात ओढला, त्याच्या हाताला लागलं. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्याचे हात म्हणजे नखांच्या कडेला कायमचं ग्रीस, ते काही जात नाही. त्यानं हाताकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून घरी आला की रॉकेल घेऊन मोरीत बसतो आणि हात घासतो, अर्धा अर्धा तास, कातडी लाल होईपर्यंत. त्याला वाटतं मला त्याच्या हाताची किळस आली. आणि मी — मी मोजे घालून आत बसते आणि रॉकेलचा वास घेते. एवढं एक वाक्य बोलायचं असतं, की तुझे हात नाहीत रे, माझा पाय आहे. तेवढं बोलता येत नाही. त्याच्याकडं आज शूटिंग आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे मोबाईल धरून. माझा पाय तो पहिल्यांदा बघणार तो मोबाईलमध्ये, दीडशे माणसांत.

सहा वर्षांची होते. आमच्याकडे मोहाची फुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं पडली की जमिनीवर दिसतात, वेचता येतात. माझ्या बापानं — सुका त्यांचं नाव — रात्री पाला जाळला होता. सकाळी मी पुढं पळाले. वर राख कशी पांढरी, गार दिसते, त्यावर दोन-चार फुलंसुद्धा पडलेली होती. खाली निखारे होते. डावा पाय पहिला पडला. बापानं खांद्यावर घालून दवाखान्यापर्यंत पळत नेलं, पाय वाचला, पण कातडी आखडली, करंगळी आणि शेजारचं बोट वर ओढलं गेलं. चालायला काही त्रास नाही. दिसायला — तेवढंच.

आमच्याकडेही गुरुवारी पाय धुतात. चर्च म्हणजे पत्र्याची शेड. माणसं पाड्यापाड्यांवरून चालत येतात, पाय मातीनं भरलेले, बसतात, कोणीतरी धुतं, पाणी चहासारखं होतं, ते निंबाला टाकायचं आणि जेवायला बसायचं. कोण नम्र, कोण नाही, हा विषयच नाही, पाय खराब झालेत म्हणून धुवायचे. मी काय करायची — बादली धरायची. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून. पाणी आणायचं, ओतायचं, टॉवेल द्यायचे, धावपळ करायची. बादली हातात असली की कोणी म्हणत नाही, बस, तुझेही धुवू. सगळे म्हणायचे, चमेलीबाईची पोर किती सेवा करते, किती लीन आहे. माझ्या आईला, म्हणजे चमेलीबाईला, तेवढं कळलं होतं. एकदा आमच्या बोलीत म्हणाली, पाणी देतेस ममता, पाय कधी देशील? मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बादली भरायला गेले.

आणि मग जळगावला मेळावा होता, तिथं मी तशीच धावत होते बादली घेऊन, आणि सासूबाई आल्या होत्या असोद्याला माहेरी, तिथून मेळाव्याला. त्यांनी बघितलं. योएलला म्हणाल्या, मला अशी सून पाहिजे, काय नम्र पोरगी आहे, एकदा बसली नाही. तिथून माझं लग्न ठरलं. म्हणजे बघा, मी लपत होते आणि त्यांनी मला पसंत केली. ती नम्रता नव्हतीच, हिनाताई. उलट. कोणी माझा पाय बघून च्च केलेलं मला चालणार नव्हतं. आणि आता त्याच नम्रतेचं फळ म्हणून मला खुर्चीवर बसवताहेत आणि दोघी डाव्यासाठी भांडताहेत. सकाळी मी ठरवलं होतं, दुपारची शिरपूरची बस पकडायची. पर्समध्ये आधार कार्डसुद्धा घेतलंय, का ते माहीत नाही, माहेरी जायला आधार कार्ड लागत नाही.

तुम्ही काय करताय? नाही — हो. काढा. तुम्हीच काढा, मी तिकडं बघते.

काढला?

तुम्ही बोलत का नाही? काही म्हणा. सगळे आधी म्हणतात, अगं बाई. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या होत्या. तुम्ही पाणी घेतलंत आणि ओतलंत. बस? एवढंच? बोटांच्या मधे दगड नका लावू — हां, तुम्ही कापसानं करताय. दुखत नाही. तिथं लागतंच नाही काही, तिथं कातडी मेलेली आहे, पण पाणी गरम आहे ते कळतंय. गंमत आहे, सतरा-अठरा वर्षांत तिथं कोणाचा हात लागलेला नाही, माझाही नाही, मी आंघोळीलासुद्धा वरून पाणी ओतून मोकळी होते. नाही, रडत नाहीय. तुमच्या त्या क्रीमचा वास उग्र आहे.

मला नेहमी वाटायचं तो पेत्र किती नम्र, नाही म्हणाला. आता वाटतंय, त्याच्या पायाला काहीतरी असणार. मासे धरणारा माणूस, जाळं, गळ, खडक — काहीतरी झालेलं असणार, आणि हा माणूस कमरेला टॉवेल बांधून खाली बसला, आता बघेल, म्हणून म्हणाला, कधीच नाही. येशूला ते आधीच माहीत असणार. बोलला नसेल काही. पाणी ओतलं असेल तुमच्यासारखं. तुमच्या लोकांत अशी कोणाशी तुलना केलेली चालते का, माहीत नाही, चुकलं असेल तर सोडून द्या. आणि मी तुम्हाला सारखं म्हणत होते, द्या तो दगड, द्या तो दगड.

योएल चारला येतो वर्कशॉपमधून. तो मोरीत जायच्या आधी दाखवीन त्याला. हात काळे असतानाच. ती क्रीम अजून कपाटात आहे, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

कोण — या, आई. या आत्याबाई, पडदा ओढून घ्या, बाहेरची झळ आत येते. हो, झालंच आहे. नाही, मोजा नाही घालत. बघा. हो, हाच डावा. दुसरा कुठला असणार.

परात उचला आई, पायावर पडली असती. केवढा आवाज झाला, खालच्या मेडिकलवाल्याला वाटलं असेल गाडी ठोकली. काय म्हणालात आत्याबाई? ऐकलंत हिनाताई — "तुनी सून शे ना, तूच ले डावा." आणि तुम्ही आई? त्यांना म्हणताय, नको, तुम्ही थोरल्या, मान तुमचा. बघा, आत्ता जिन्यापर्यंत ह्या पायाला दोन धनी होते, आता एकही नाही. नाही, मी चिडले नाही. मी बोलतेय, एवढंच. तुम्ही मला बोलताना ऐकलेलं नाही म्हणून तसं वाटतंय. भाजलंय. लहानपणी. संसर्गाचं नाही काही आत्याबाई, पदर नाकाला लावू नका.

लपवलं का? हो आई, लपवलं. जळगावला तुम्ही मला बघितलंत ना, बादली घेऊन पळताना — ती ह्याच्यासाठी पळत होते. तुम्ही मला नाही, बादलीला पसंत केलंत. आता घरात मी आलेय. आणि त्या दिवशी तुम्ही हूं म्हणालात ते मी ऐकलं. कूलरच्या मागं होते. त्याच्या मागं सगळं ऐकू येतं आई, तुम्ही सगळे उगाच ओरडता. खालची म्हणालात ते बरोबरच आहे, मी बसेन संध्याकाळी. दोन्ही पाय घेऊन बसेन. ज्याला धुवायचे त्यानं धुवावे, नाही धुतले कोणी तरी बसेन. नुसती बसेन.

आई, तुम्ही दाराशी का उभ्या आहात? तीन जिने चढलात, पाय सुजलेत तुमचे, चपलेचा पट्टा रुतलाय, मी रोज बघते. नाही, हिनाताईंना त्रास नाही, आणि पोहे करून द्यायचे नाहीत त्यांना, मी विचारून बघितलंय, त्या काही करू देत नाहीत. आत्याबाई काही म्हणणार नाहीत. म्हणाल्या तर म्हणू द्या, राणी तर राणी. पुसू नका ती गादी, स्वच्छ आहे. हिनाताई, थांबा, टब रिकामा करू नका. आई, मी उठणार नाही, रागावू नका. मी सरकते. चपला काढा, आणि बसा. पाणी अजून कोमट आहे.